तांबडे इंजेक्शन

परिचारिकेने काचेच्या कुपीची मान टक् करून मोडली आणि सुईने औषध ओढून घेतले, तेव्हा क्षणभर मला वाटले की सुईत कोणाचे तरी रक्त राहून गेले आहे. आमसुलाच्या पातळ सारासारखा स्वच्छ, आरपार दिसणारा तांबडा रंग होता तो. माझा चेहरा पाहून ती म्हणाली, "काका, बी-ट्वेल्व्ह लालच असतं. घाबरू नका."

त्याआधीचे आठ महिने मी तळपायांच्या मुंग्यांनी हैराण झालो होतो. अनवाणी फरशीवर उभे राहिले की पायाखाली वाळू पसरली आहे असे वाटे, आणि रात्री चादरीचा स्पर्शही नकोसा होई. एका डॉक्टरांनी मणक्यात गॅप असल्याचे सांगून कमरेला पट्टा बांधायला लावला आणि मीही तो उन्हाळाभर घामेजून निमूट वापरला. शेवटी दुसऱ्या एका तरुण डॉक्टरणीने रक्त तपासायला पाठवले. अहवालात बी-१२ या जीवनसत्त्वाची निरोगी माणसासाठी खालची मर्यादा २०० अशी छापली होती आणि माझा आकडा ११८ होता. "शाकाहारी आहात का?" एवढेच तिने विचारले. सातारा जिल्ह्यातल्या माळकऱ्याच्या घरात जन्मलेल्या माणसाला या प्रश्नाचे उत्तर देताना आजवर कधी अपराधी वाटले नव्हते.

मी २८ वर्षे माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवले. जीवनसत्त्वांचा तक्ता मी फळ्यावर इतक्या वेळा काढला आहे की झोपेतही काढीन : अ कमी पडले तर रातांधळेपणा, ब मुळे बेरीबेरी, क मुळे स्कर्व्ही, ड मुळे मुडदूस. तो तक्ता खोटा नव्हता, पण तो नुसता टंचाईचा हिशेब होता. अन्न म्हणजे शरीराचा सरपणसाठा आणि जीवनसत्त्व म्हणजे त्या यंत्राला लागणारे वंगण, अशी काहीशी समजूत त्यातून मुलांची होत असे, आणि खरे सांगायचे तर माझीही होती. अ जीवनसत्त्वापासून तयार होणारे एक आम्ल पेशीच्या केंद्रकात शिरते, तिथे आपल्यासाठीच घडलेल्या एका प्रथिनाला जाऊन चिकटते आणि ठरावीक जनुके चालू किंवा बंद करते, ही गोष्ट १९८७ पासून माहीत आहे. ड जीवनसत्त्वाचे कामही याच धर्तीवर चालते. पण ही माहिती माझ्या फळ्यापर्यंत कधी पोहोचली नाही. ती पोहोचायला माझ्याच पायांना मुंग्या याव्या लागल्या.

इंजेक्शनच्या तांबड्या रंगाचे कारण कोबाल्ट. बी-१२ च्या रेणूच्या मध्यभागी या धातूचा एक अणू जाळ्यात धरावा तसा धरलेला असतो. या अवघड रेणूची रचना डोरोथी हॉजकिन यांनी क्ष-किरणांच्या साहाय्याने १९५० च्या दशकात उलगडली आणि १९६४ चे नोबेल मिळवले. हा रेणू कोणतीही वनस्पती बनवत नाही आणि कोणताही प्राणीही बनवत नाही. तो फक्त काही जिवाणू बनवतात. गाईम्हशींच्या पोटातले जिवाणू तो तयार करतात, तिथून तो दुधात उतरतो आणि माळकऱ्याच्या घरात तो येण्याची जवळजवळ एकमेव वाट म्हणजे दूध, दही आणि ताक. मोठ्या माणसाला दिवसाला दोन-अडीच मायक्रोग्रॅम, म्हणजे एका ग्रॅमचे दहा लाख भाग केले तर त्यातले दोन-अडीच भाग, एवढेच ते लागते. यकृत त्याचा काही वर्षांचा साठा करून ठेवत असल्यामुळे तूट पडली तरी माणसाला पत्ता लागत नाही.

एवढ्याशा कणाचे शरीरात काम काय, हे समजून घेताना मला गावाकडचा रहाट आठवत राहिला. प्रत्येक पेशीत एक कार्बन आणि तीन हायड्रोजन एवढ्याच अणूंचा एक चिमुकला गट सतत इकडून तिकडे पोहोचवला जात असतो. त्याला मिथाइल गट म्हणतात. पालेभाज्यांतून मिळणारे फोलेट हा गट पोहऱ्यात भरून वर आणते. वर उभे असलेले बी-१२ तो उतरवून घेते आणि होमोसिस्टीन नावाच्या रेणूच्या स्वाधीन करते. त्याचे मेथिओनिन होते, त्यापासून मिथाइल वाहून नेणारा पुढचा रेणू तयार होतो आणि तो हा गट जिथे लागेल तिथे, थेट डीएनएवरदेखील, नेऊन चिकटवतो. वर पोहरा रिकामा करणारा हातच नसेल, तर खालून कितीही भरलेले पोहरे आले तरी पाटात पाणी पडत नाही आणि भरलेले फोलेट भरलेलेच अडकून राहते. जीवरसायनशास्त्रात याला मिथाइलचा सापळाच म्हणतात.

डीएनएवर मिथाइल चिकटल्याने मजकूर बदलत नाही, हे नीट लक्षात घेतले पाहिजे, कारण समाजमाध्यमांवर फिरणाऱ्या "अमुक खा आणि जनुके बदला" छापाच्या निरोपांत नेमकी इथेच गल्लत असते. माझ्या वडिलांची भजनाची एक जाड वही होती. तिच्यातल्या काही पानांचे कोपरे त्यांनी दुमडून ठेवले होते आणि दुमडलेली पाने त्या एकादशीला म्हणायची नाहीत, असा त्यांचा संकेत होता. अभंग तिथेच होते, शाईही तीच होती, पण आवाज मात्र त्या पानांना मिळत नसे. जनुकाच्या सुरुवातीच्या भागावर मिथाइलच्या खुणा दाट झाल्या की पुष्कळदा त्या जनुकाचेही असेच होते. यकृताच्या पेशीत आणि डोळ्याच्या पेशीत वही एकच असते, दुमडलेली पाने वेगळी असतात. जनुकांची अभिव्यक्ती म्हणतात ती हीच, आणि कोपरे दुमडायला लागणारे साहित्य आपल्या जेवणातून येते.

याचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण उंदरांचे आहे. अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठात रँडी जर्टल आणि रॉबर्ट वॉटरलँड यांनी २००३ साली एका विशिष्ट वाणाच्या गाभण उंदरिणींच्या खाद्यात फॉलिक आम्ल, बी-१२, कोलीन आणि बीटेन मिसळले. या वाणात एक जनुक सतत चालू राहत असल्यामुळे उंदीर पिवळे धमक आणि पुढे लठ्ठ होतात. पण ज्या माद्यांना हे खाद्य मिळाले, त्यांच्या पिल्लांत तपकिरी पिल्लांचे प्रमाण वाढले, कारण त्या जनुकाचे पान मिथाइलने दुमडले गेले होते. अशा दोन उंदरांचा शेजारी शेजारी बसवलेला फोटो मी किती तरी वेळा पाहिला आहे : एक पिवळा, उशीसारखा सुटलेला, आणि दुसरा साधा घरातल्या उंदरासारखा. दोघांची जनुके सारखी आहेत हे मनाला पटवून घ्यायला वेळ लागतो. मात्र हा वाण मुद्दाम जोपासलेला आहे आणि माणसाच्या शरीरात एवढा ठळक, डोळ्यांना दिसणारा स्विच सहसा नसतो, हेही सांगितले पाहिजे.

माणसांवर असे प्रयोग करता येत नाहीत, पण इतिहासाने एक क्रूर प्रयोग करून ठेवला आहे. १९४४-४५ च्या हिवाळ्यात जर्मन सैन्याने नेदरलँड्सच्या पश्चिम भागाची अन्नाची वाहतूक तोडली आणि माणशी शिधा दिवसाला हजार उष्मांकांच्याही खाली गेला. त्या उपासमारीत ज्यांची गर्भधारणा झाली, त्यांचे रक्त साठ वर्षांनंतर तपासले गेले आणि त्यांच्याच सख्ख्या भावंडांशी ताडून पाहिले गेले. वाढीशी संबंधित असलेल्या आयजीएफ-२ या जनुकावरच्या मिथाइलच्या खुणा त्यांच्यात कमी होत्या, असे २००८ साली प्रसिद्ध झाले. आईच्या पोटातल्या पहिल्या काही आठवड्यांतली भूक, पुढे उभे आयुष्य खाऊनपिऊन काढल्यावरही, पुसली गेली नव्हती.

पण मला अधिक जवळची वाटली ती गाम्बियातल्या केनेबा भागातली पाहणी. पश्चिम आफ्रिकेतल्या त्या खेड्यांत पावसाळा म्हणजे कणगी रिकामी होण्याचे आणि शेतात राबण्याचे दिवस, आणि तरीही त्याच दिवसांत पालेभाज्या अधिक असतात. पावसाळ्यात गर्भ राहिलेल्या आणि कोरड्या हंगामात गर्भ राहिलेल्या स्त्रियांच्या मुलांत ठरावीक जागच्या मिथाइलच्या खुणा वेगवेगळ्या आढळल्या, आणि गर्भधारणेच्या सुमारास आईच्या रक्तात मिथाइल पुरवणारे घटक किती होते याच्याशी त्यांचा संबंध लागला. २०१४ सालचे हे संशोधन वाचताना मला आपल्याकडचा आषाढ-श्रावण दिसत होता : कणगीत तळाला गेलेले धान्य, आणि बांधावर मात्र कुर्डू, टाकळा, तांदुळजा. आपल्या श्रावणातही तसेच घडते असे मी म्हणणार नाही, कारण तसे मोजलेले मी वाचलेले नाही. आणि आपल्या आज्यापणज्यांना हे सगळे ठाऊक होते, हे पालुपद तर मला अजिबात मान्य नाही. त्यांना भाजी ठाऊक होती आणि भूक ठाऊक होती.

या सगळ्या कथेत महाराष्ट्राचा वाटा दोनदा येतो आणि दोन्ही वेळा तो गरोदर बाईच्या रक्ताचा आहे. १९२८ साली ल्युसी विल्स नावाच्या इंग्रज डॉक्टर मुंबईत आल्या. गिरण्यांमधल्या कामकरी बायकांना गरोदरपणात एक जीवघेणा पंडुरोग होत असे आणि त्याचे कारण कोणालाच सापडत नव्हते. विल्स यांनी जंतूंचा माग काढला, तो निष्फळ ठरला, मग त्या बायका काय खातात ते पाहिले आणि तसाच आहार प्रयोगशाळेतल्या प्राण्यांना देऊन पाहिला. शेवटी मद्यनिर्मितीत उरलेल्या यीस्टचा अर्क, म्हणजे मार्माइट नावाने ब्रिटनमध्ये पावावर लावून खाल्ला जाणारा काळपट खारट पदार्थ, दिल्यावर या बायका बऱ्या होऊ लागल्या. १९३१ साली त्यांनी हे प्रसिद्ध केले. त्यातला गुणकारी घटक बरीच वर्षे "विल्स घटक" म्हणूनच ओळखला जाई. १९४१ मध्ये पालकाच्या पानांतून एक आम्ल वेगळे काढण्यात आले, पानासाठी असलेल्या लॅटिन शब्दावरून त्याला फॉलिक हे नाव मिळाले, आणि विल्स यांना सापडलेले ते हेच, हे पुढे उमगले. परळ-लालबागच्या रस्त्यांवरून मी आयुष्यात शेकडो वेळा गेलो असेन, पण फोलेटच्या जन्मकथेचा पहिला अध्याय याच शहरातल्या गिरणीकामगार बायकांच्या देहावर लिहिला गेला आहे, हे मला साठीकडे झुकल्यावर कळले.

दुसरा अध्याय पुण्याचा. केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ साली पुण्याजवळच्या सहा गावांतल्या स्त्रियांची, त्या गरोदर राहण्याच्याही आधीपासून, नोंद ठेवायला सुरुवात केली. इथे जन्मलेली बाळे सरासरी २.७ किलोची होती. तुलनेसाठी घेतलेली इंग्लंडमधल्या साउदम्प्टनची बाळे ३.५ किलोची. यात नवल नव्हते. नवल पुढे होते. या किरकोळ बाळांचे स्नायू कमी होते, पोटातले अवयव लहान होते, पण पाठीच्या त्वचेखालची चरबी मात्र त्या मानाने फारशी घटली नव्हती. हाडकुळी दिसणारी ही बाळे आतून गुबगुबीत होती. डॉ. याज्ञिक यांनी पुढे स्वतःचा आणि जॉन युडकिन या ब्रिटिश सहकाऱ्याचा फोटो 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापला. दोघांचाही वजन-उंचीचा निर्देशांक नेमका २२.३, पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि आपल्या पुणेकर डॉक्टरांच्या शरीरात २१.२ टक्के. आपल्याकडे सडसडीत माणसालाही मधुमेह का होतो, हे मी वर्गात कधी समजावून सांगू शकलो नव्हतो. तो फोटो हाती असता तर अर्ध्या मिनिटात सांगितले असते.

त्या सहा गावांतल्या नोंदींत मला दोन गोष्टी खिळवून ठेवतात. पहिली अशी, की बाळाच्या वाढीशी आईने एकूण किती उष्मांक खाल्ले याचा संबंध फारसा लागला नाही, तो लागला हिरव्या पालेभाज्या, फळे आणि दूध किती वेळा खाण्यात आले याच्याशी. दुसरी गोष्ट २००८ साली पुढे आली आणि ती अस्वस्थ करणारी आहे. दोन तृतीयांश मातांमध्ये बी-१२ कमी होते, फोलेट मात्र बहुतेकींना पुरेसे होते, आणि ज्या मातांमध्ये फोलेट भरपूर पण बी-१२ कमी होते, त्यांच्या मुलांच्या शरीरात सहाव्या वर्षी इन्सुलिनला होणारा विरोध, म्हणजे मधुमेहाकडे नेणारी अवस्था, सर्वांत जास्त आढळला. रहाट, भरलेले पोहरे आणि वर नसलेला हात. यावरून कोणी गरोदर बाईच्या फॉलिकच्या गोळ्या बंद करू नयेत. त्या गोळ्या बाळाच्या मज्जारज्जूतले जन्मजात दोष टाळतात, हे १९९१ मध्येच निर्विवाद सिद्ध झाले आहे. प्रश्न एवढाच आहे की आपण पोहरे पुरवले आणि हात पुरवायला विसरलो. अशा पाहणीतून संबंध दिसतो, कारण सिद्ध होत नाही, म्हणून त्याच संशोधकांनी १९९३ नंतर जन्मलेल्या त्या बाळांनाच, ती वयात आल्यावर, २०१२ पासून दिवसाला दोन मायक्रोग्रॅम बी-१२ द्यायला सुरुवात केली, ते त्यांच्या पोटी येणाऱ्या बाळांचे भले होते का हे पाहण्यासाठी. एखाद्या प्रयोगाचे उत्तर मिळायला नातवंडांची वाट पाहावी लागते, आणि कोणी ती पाहतो, याचे मला फार अप्रूप वाटते.

उलट बाजाराला धीर नाही. माझ्या भाच्याने मोठ्या प्रेमाने मला लाळ पाठवून करायची एक जनुकचाचणी भेट दिली. चकचकीत कागदाच्या चाळीसेक पानांत मी कॉफी कमी प्यावी, पालेभाज्या खाव्यात आणि माझ्या जनुकांना कमी चरबीचा आहार मानवेल, असे लिहून आले. बी-१२ चा त्यात उल्लेखही नव्हता. लाळेतून वाचला जातो तो वहीतला मजकूर, दुमडलेले कोपरे ती चाचणी पाहतच नाही. आणि नुसत्या मजकुरावरून आहार ठरवता येतो का, याची स्टॅनफर्ड विद्यापीठाने ६०९ माणसांवर वर्षभर परीक्षा घेतली. जनुकांनुसार ज्यांना कमी चरबीचा आहार मानवायला हवा होता आणि ज्यांना कमी कर्बोदकांचा, त्यांच्या वजनात तसा काही फरक पडला नाही, असे २०१८ साली जाहीर झाले. भाच्याला मी हे सांगितले नाही. अहवाल कपाटात जपून ठेवला आहे.

हळदीचेही असेच. भांड्यातल्या पेशींवर हळदीतले कर्क्युमिन ओतले की शेकडो जनुकांची हालचाल दिसते, हे खरे. पण ते पोटातून रक्तात जवळपास उतरतच नाही, आणि प्रयोगशाळेतल्या चाचण्यांना चकवून खोटा होकार मिळवण्याचा त्याचा स्वभाव आहे, असे रसायनशास्त्रज्ञांनी २०१७ मधल्या एका मोठ्या आढाव्यात बजावले आहे. सांगलीची हळद आमटीत घालायला मला कोणाच्या परवानगीची गरज नाही, पण तिच्या कॅप्सूलला मी पैसे देणार नाही.

सहा इंजेक्शने झाली, मुंग्या पुष्कळ कमी झाल्या, डाव्या अंगठ्यात तेवढ्या राहिल्या आहेत. मधुमेहाची मेटफॉर्मिन वर्षानुवर्षे घेणाऱ्यांचे बी-१२ कमी होऊ शकते, असे डॉक्टरणीने बोलता बोलता सांगितले, तेव्हा मला आईची आठवण झाली, कारण ती हीच गोळी पंधरा वर्षे घेते आहे. तिचे रक्त तपासले. आकडा माझ्याहून खाली आला.

अहवाल घेऊन मी गावी गेलो. आई ओट्यावर अळूची पाने घेऊन बसली होती. देठ सोलायचा, पान उलटे करून शीर काढायची, गुंडाळी करून विळीवर धरायची, सगळे न बघता. मी तिला जमेल तितके समजावून सांगितले, रहाटाचेही सांगितले. तिने हात थांबवला नाही, पण बऱ्याच वेळाने म्हणाली,

"म्हंजे तुझ्या येळंला म्या काय खाल्लं, ते तुझ्या अंगात अजून हाय म्हन की."

"असंच काहीसं. काय खाल्लं होतंस गं तू?"

तिने १९६८ सालचे ताट सांगितले : सकाळी भाकरी आणि खर्डा, दुपारी शेतात भाकरी आणि चाकवत नाहीतर माठ, रात्री हुलग्याचे माडगे. भाजीला कमी नव्हती, म्हणाली, बांधावर लागेल तेवढी होती. मी दुधाचे विचारले. घरात दोन म्हशी होत्या हे मला माहीत होते.

"दूध व्हतं की. दोन्ही टायमाला किटली भरून डेअरीला जायचं. तुझा आजा घालून यायचा. त्याच्यावरच तर तेल-मीठ व्हतं." तिने शेवटचे पान गुंडाळले. "ताक बी नसायचं मग घरात. शेजारच्या मावशीला कळलं मला दिवस गेल्यात म्हून, तर ती पदराखाली तांब्या झाकून आनून द्यायची, सासूला दिसू नये म्हून. रोज न्हाई. तिचं लोनी काढायचं आसंल त्या दिवशी."